पडल्या कशा, हे कोण विचारतं?

माझी धाकटी बहीण शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते. वयस्कर माणसांचा तोल, त्यांचं चालणं आणि पडल्यावर त्यांना पुन्हा उभं करणं हे तिचं फिजिओथेरपिस्ट म्हणून रोजचं काम. तिच्याकडे येणाऱ्यांमध्ये एचआयव्हीसोबत म्हाताऱ्या झालेल्या बायका पुष्कळ. माझी बायको पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशक होती. २००४ मध्ये सरकारने मोफत औषधं द्यायला सुरुवात केली, त्यानंतर लवकरच ती रुजू झाली आणि तिथूनच निवृत्त झाली. दोघींचा विषय एकच, आणि त्यावर दोघींचं जमत मात्र नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही बहिणीकडे होतो, तेव्हा वाद पेटला गांजावरून. कुणालाही वाटेल, अमेरिकेत राहणारी बहीण गांजाची बाजू घेणार आणि सरकारी नोकरीत आयुष्य काढलेली माझी बायको नाक मुरडणार. झालं उलटं. नणंद-भावजयीच्या मध्ये बोलू नये एवढं शहाणपण मला संसाराने दिलेलं आहे, म्हणून मी ऐकत राहिलो. जे लक्षात राहिलं ते असं.

नणंद: माझ्याकडे साठीच्या आसपासची बाई येते. मनगट प्लास्टरमध्ये, नाहीतर कंबरेला मुकामार. एचआयव्ही होऊन तीस वर्षं झालेली. विषाणू औषधांनी इतका दाबलाय की तपासणीत दिसतही नाही. विचारलं, कशा पडलात? तर उत्तर ठरलेलं, “पाय घसरला.” दोन-चार वेळा आली, ओळख झाली, की मग हळूच सांगते, झोपेसाठी रात्री गमी घेते. गांजाची गोळी गं, चॉकलेटसारखी चघळायची. इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२० पासून ती दुकानात मिळते. पावती मिळते, सवलतीचं कार्डसुद्धा मिळतं.

भावजय: मग? झोप लागते ना तिला?

नणंद: लागते. आणि रात्री दोनला लघवीला उठते, तेव्हा पडते.

भावजय: साठीची बाई रात्री उठली की पडू शकते. माझी सासू, म्हणजे तुझी आई, कोणता गांजा घेत होती?

(इथे मी चहा करायला उठलो.)

नणंद: वहिनी, हे माझ्या मनाचं सांगत नाहीये. अमेरिकेत १९९३ मध्ये फक्त बायकांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, ‘विमेन्स इंटरएजन्सी एचआयव्ही स्टडी’. शिकागो त्यातलं एक मुख्य केंद्र. एचआयव्ही असलेल्या दोन हजारांहून जास्त बायका, आणि त्यांच्याच वस्त्यांमधल्या, त्यांच्यासारखंच जगणाऱ्या, पण एचआयव्ही नसलेल्या काहीशे बायका. दर सहा महिन्यांनी बोलवायचं, तपासायचं, विचारायचं. त्यातल्याच सुमारे दोन हजार बायकांना पुढे विचारलं, गेल्या सहा महिन्यांत पडलात का? पाचातली जवळजवळ एक म्हणाली, हो. आणि गंमत अशी की एचआयव्ही असलेल्या आणि नसलेल्या बायकांत फरक नव्हता. फरक कुठे निघाला? वय, नैराश्य, पायांच्या नसांचा आजार, लठ्ठपणा, मेंदूवर काम करणारी औषधं, आणि सध्या गांजा घेणं. कधीच न घेतलेल्या बाईच्या तुलनेत सध्या घेणाऱ्या बाईची पडण्याची शक्यता साधारण दुप्पट.

भावजय: तू आत्ता सहा गोष्टी सांगितल्यास आणि बोट ठेवलंस शेवटच्या एकीवर. नैराश्य आहे म्हणून गांजा घेते, पाय जळतात म्हणून गांजा घेते, आणि पडते ती पाय जळतात म्हणून. यात गांजाला धरायचं, की पायाला?

नणंद: हिशोब करताना या बाकीच्या गोष्टी वेगळ्या काढल्या होत्या.

भावजय: कागदावर वेगळ्या काढता येतात. बाईच्या अंगातून कशा काढशील? ऐक. आमच्याकडे सुरुवातीच्या गोळ्यांमध्ये स्टॅव्हुडिन होतं. जीव वाचवला त्याने, नाही म्हणत नाही. पण पायांच्या नसा जाळल्या. बायका येऊन सांगायच्या, तळव्यांना मिरची लावल्यासारखं होतं, रात्री चादर पायावर सहन होत नाही. आणि दुसऱ्या टोकाला, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. रस्त्यावरून अनवाणी चालत केंद्रात आलेली बाई मी पाहिली आहे. एक चप्पल कुठे गळाली ते तिला माहीत नव्हतं. डॉक्टर काय म्हणायचे? “औषध बंद करायचं नाही.” बरोबरच होतं त्यांचं. पण दुखण्यावर अमिट्रिप्टिलीनची गोळी सोडून देण्यासारखं आमच्याकडे फार काही नव्हतं. ती घेतली की सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, आणि उठताना चक्कर. त्या चक्करेने पडलेल्या बाईला कुणी ‘व्यसनी’ म्हटलं नाही हं!

नणंद: तिथे मी तुझ्या बाजूने आहे.

भावजय: थांब, अजून तुझ्या बाजूची गोष्ट आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर डोनाल्ड अब्राम्स. एचआयव्हीने नसा दुखणाऱ्या पन्नास रुग्णांना त्यांनी रुग्णालयात ठेवून अर्ध्यांना गांजाची सिगारेट दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण अंमल काढून घेतलेली. २००७ मध्ये निकाल छापून आला. खरी सिगारेट ओढणाऱ्यांचं रोजचं दुखणं ३४ टक्क्यांनी कमी झालं, खोटी ओढणाऱ्यांचं १७. दुखण्याच्या जगात हा फरक लहान नाही.

नणंद: वाचलंय मी. किती दिवस दिली, ते वाचलंस का? पाच दिवस, रोज तीन. त्यात टीएचसी, म्हणजे गांजातलं अंमल आणणारं द्रव्य, किती होतं? ३.५६ टक्के. आज इथल्या दुकानात जी फुलं मिळतात त्यात वीस-पंचवीस टक्के असतं, आणि बाटलीतल्या अर्कांचं तर विचारूच नकोस. अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या मालाचे नमुने वर्षानुवर्षं तपासले जातात. १९९५ मध्ये टीएचसी सरासरी चार टक्के होतं, २०१४ मध्ये बारा. त्या प्रयोगातल्या सिगारेटचा दाखला देऊन आजची गमी खपवायची, हे मला पटत नाही. शिवाय त्या पन्नासांत बहुतेक पुरुष होते, वय चाळिशी-पन्नाशीचं, आणि पाचही दिवस ते रुग्णालयाच्या खाटेजवळ होते. माझी बाई पासष्टीची आहे, एकटी आहे, आणि तिचं न्हाणीघर जिन्याच्या वर आहे.

इथे भावजय पहिल्यांदा गप्प झाली. तिला आकड्यांचं फारसं काही वाटत नाही, जिन्याचं वाटतं. मलाही या सगळ्या वादात हा जिना महत्त्वाचा वाटला. संशोधनाच्या कागदावर ‘पडणं’ म्हणजे हो किंवा नाही एवढीच एक खूण असते. बाई पडते ती मात्र कुठल्यातरी वेळी, कुठल्यातरी पायरीवर.

मग गाडी मेंदूकडे वळली.

भावजय: आणि तुमच्या त्या स्मरणशक्तीच्या परीक्षा. बारा शब्द वाचून दाखवायचे, तीनदा. मग वीस-पंचवीस मिनिटांनी विचारायचे, किती आठवतात. गांजा घेणाऱ्या बाईला कमी आठवले, की लिहा, मेंदू गेला.

नणंद: तसं कुणी लिहीत नाही. उलट शिकागोच्याच पॉलीन माकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अभ्यासातल्या दीड हजार बायकांचे निकाल २०१५ मध्ये मांडले. एचआयव्हीचा विचारशक्तीवर परिणाम दिसला, पण लहान. शब्द शिकणं, उशिराने आठवणं, लक्ष लागणं, एवढ्यात. वाचता किती येतं, याचा परिणाम त्याहून मोठा.

भावजय: मग तेच तर म्हणतेय! या बायका कोण आहेत? बहुतेक काळ्या, बाकीच्यांत बऱ्याच स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या. गरिबीत वाढलेल्या, निकृष्ट शाळांत शिकलेल्या. एखादीने लहानपणी मार खाल्लाय, एखादीचा नवरा तुरुंगात आहे. पुस्तकी परीक्षेत ती मागे पडली तर आधी शाळेला जाब विचारा.

नणंद: म्हणून तर परीक्षेच्या आधी वाचनाची चाचणी घेऊन तो फरक हिशोबात धरतात. पण गांजाचं म्हणशील तर दुसरा एक अभ्यास आहे, एचआयव्हीचा नाही, साध्या लोकांचा. १९८५ मध्ये शिकागोसह चार शहरांत पाच हजार तरुण-तरुणी घेतले आणि पंचवीस वर्षं त्यांच्या मागे राहिले. हृदयासाठी केलेला अभ्यास, पण गांजाचंही विचारत गेले. मध्यमवयात पंधरा शब्दांची परीक्षा घेतली. ज्यांनी आयुष्यभरात जास्त गांजा ओढला, त्यांना शब्द कमी आठवले. रोज याप्रमाणे पाच वर्षं ओढल्याचा हिशोब धरला, तर दोघांमागे एकाचा एक शब्द कमी.

भावजय: एक शब्द! दोघांत मिळून!

नणंद: एक शब्दच. मी तो मोठा करत नाहीये. पण त्यात सध्या ओढणाऱ्यांचा कामाचा वेगही कमी होता, तो फक्त सध्या ओढणाऱ्यांचा. ओढणं थांबवलेल्यांत तो दिसला नाही. हे महत्त्वाचं. तरुणांवरच्या अभ्यासांची २०१८ मध्ये एकत्र पाहणी झाली, तेव्हाही हेच निघालं: बहात्तर तासांहून जास्त लांब राहिलं, की फरक बराच ओसरतो.

भावजय: आणि सॅन डिएगोचं? तू सोडून देतेस म्हणून मी आठवण करते. तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी २०२० मध्ये छापलंय की एचआयव्ही असलेल्यांमध्ये गांजा घेणाऱ्यांची विचारशक्ती बिघडलेली असण्याची शक्यता न घेणाऱ्यांपेक्षा कमी होती. एचआयव्ही नसलेल्यांत असा फायदा दिसला नाही, फक्त यांच्यात. कारण त्यांनी सुचवलं ते असं की विषाणू दाबला तरी मेंदूत जी धुमसती सूज राहते, ती गांजातली द्रव्यं कमी करत असतील. दुसऱ्या एका अभ्यासात जास्त गांजा घेणाऱ्यांच्या रक्तात चवताळलेल्या रोगप्रतिकारक पेशी कमी सापडल्या. याचं काय करायचं?

नणंद: मान्य. सुजेची गोष्ट खोटी नाही. या द्रव्यांना पकडणारे एक प्रकारचे ग्राहक रोगप्रतिकारक पेशींवर असतात, मेंदूतल्या राखणदार पेशींवरही. पण वहिनी, एका वेळी घेतलेल्या फोटोवरून कोण आधी आणि कोण नंतर, ते कळत नाही. ज्याची बुद्धी शाबूत आहे, हातात पैसा आहे, घर सांभाळता येतं, तोच मजेने थोडा गांजा घेतो. ज्याची बुद्धी खचलीय त्याला डॉक्टरने आधीच बंद करायला लावलेला असतो. असंही असू शकतं.

भावजय: हेच वाक्य मी मघाशी तुझ्या पडण्याच्या आकड्याबद्दल म्हणाले, तेव्हा तू हिशोब दाखवलास.

(मी मनातल्या मनात एक गुण बायकोला दिला. उघड दिला असता तर बहिणीने जेवायला वाढलं नसतं.)

नणंद: बरं, एक-एक. पण मला बोलू दे, कारण माझं खरं म्हणणं अजून झालंच नाही. तुम्ही सगळे, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, तूसुद्धा, डोकं वेगळं काढता आणि पाय वेगळे काढता. डोक्याची परीक्षा एका खोलीत, चालण्याची दुसऱ्या खोलीत. चालण्याची म्हणजे काय, चार मीटर जमीन आखायची आणि घड्याळ लावायचं. किंवा खुर्चीतून उठ, तीन मीटर चाल, वळ, परत ये, बस. हाताची परीक्षा म्हणजे पंचवीस भोकांची फळी. खाच असलेल्या खुंट्या फिरवून-फिरवून भोकांत बसवायच्या, आधी एका हाताने, मग दुसऱ्या. एचआयव्ही असलेल्या बायका आणि पुरुष यांची तुलना झाली तेव्हा बायका मागे पडल्या त्या याच जागी: लक्ष, वेग आणि हातांची चपळाई. शब्द कमी आठवण्यापेक्षा मला हे जास्त भिववतं.

भावजय: का?

नणंद: कारण हा विषाणू मेंदूत जिथे मुक्काम करतो त्या जागा म्हणजे मेंदूच्या खोलातल्या गाठी, हालचाल सुरू करणाऱ्या आणि तिचा वेग ठरवणाऱ्या. आणि टीएचसी ज्या ग्राहकांना जाऊन चिकटतं ते सर्वांत दाट कुठे असतात? त्याच गाठींत, छोट्या मेंदूत, आणि स्मरण साठवणाऱ्या भागात. छोटा मेंदू म्हणजे तोल. दोघांचं येण्याचं ठिकाण एकच आहे. आता तुझी चप्पल गळालेली बाई घे. तिच्या तळव्यांतून जमिनीची खबर वर येत नाही. मग ती चालते कशी?

भावजय: बघून. खाली बघत चालतात त्या. “कापसावर चालल्यासारखं वाटतं” म्हणायच्या.

नणंद: बघून, आणि लक्ष देऊन! तू-मी चालताना चालण्याचा विचार करत नाही. तिला प्रत्येक पावलाचा करावा लागतो. तिचं चालणं म्हणजे विचार करणंच आहे. मी अशा बायकांना चालता-चालता शंभरातून सात-सात वजा करायला सांगते. काही जणी चक्क थांबतात. आकडा सांगतात, मग पाऊल टाकतात. आता यात गांजा घाल. लक्ष थोडं सैल झालं, वेळेचा अंदाज थोडा चुकला. खुर्चीत बसलेली असली तर बिघडत काहीच नाही, बारातले दहा शब्द सांगेल ती तुला. पण अंधारात, डोळ्यांचा आधार गेल्यावर, बिनसंवेदनेच्या तळव्यांवर उभं राहून? आणि टीएचसीने उभं राहताना रक्तदाब खाली येतो, ते वेगळंच. म्हणून शब्दांच्या परीक्षेत नापास न झालेली बाई जिन्यावर नापास होते.

हे ऐकताना मला जाणवलं की भांडणाचा खरा विषय इथे सापडला. आतापर्यंत दोघी गांजाने मेंदू बिघडतो की सुधारतो यावर भांडत होत्या, आणि त्या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी अभ्यास आहेत. चालणंच जिच्या विचाराच्या भरवशावर आहे, तिच्या बाबतीत प्रश्नच बदलतो.

भावजय: हे तू आधी का नाही सांगितलंस?

नणंद: तू बोलू दिलंस का?

भावजय: पण मग ऐक, हे तर प्रत्येक गोळीला लागू आहे. तुझ्या त्या बायकांच्या पिशवीत काय-काय असतं? दुखण्याला गॅबापेंटिन. झोपेला वेगळी. नैराश्याला वेगळी. एचआयव्हीचं जुनं औषध एफाविरेन्झ घेतलेल्यांना तर रात्रभर चित्रविचित्र स्वप्नं आणि चक्कर. आमच्याकडे ती गोळी झोपताना घ्यायला सांगायचो ते त्यासाठीच. तुझ्याच अभ्यासात मेंदूवर काम करणाऱ्या औषधांची संख्या वाढली की पडणं वाढतं, असं आहे. त्यातलं डॉक्टरने लिहिलेलं ते औषध आणि बाईने स्वतः शोधलेलं ते व्यसन?

नणंद: नाही. मी म्हणते, सगळ्यांची बेरीज कर. फक्त तिच्या बेरजेतला हा एक आकडा लपलेला असतो. गमीचा असर अर्ध्या तासापासून दोन तासांनी सुरू होतो. बाईला वाटतं, काही झालंच नाही, म्हणून ती दुसरी घेते. मग दोन्ही एकदम चढतात, आणि ओढलेल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ राहतात. टीएचसी चरबीत मुरतं. वय वाढलं की शरीरात चरबीचा वाटा वाढतो. एचआयव्हीच्या काही औषधांबरोबर रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट देतात, दुसऱ्या औषधाचा जोर टिकावा म्हणून. ती यकृतातल्या ज्या एन्झाइमला थोपवतात, ते टीएचसी मोडणाऱ्या एन्झाइमांपैकीच एक. म्हणजे शेजारणीला जेवढी गमी चालते, तेवढीच हिला जास्त होऊ शकते. आणि पडली तर हाड मोडतं. पाळी गेलेली, आजाराने हाडं विरळ झालेली, टेनोफोविर या एचआयव्हीच्या औषधाच्या जुन्या प्रकाराने आणखी थोडी. वीस वर्षांच्या पोराने गांजा ओढून धडपडणं आणि हिचं धडपडणं, एक नव्हे.

भावजय: लपलेला आकडा म्हणालीस. लपवला कुणी?

नणंद: म्हणजे?

भावजय: अहो वन्सं, (चिडली की ती ‘अगं’वरून ‘अहो’वर येते) बाई सांगत नाही, कारण सांगितल्यावर काय होतं ते तिला माहीत असतं. आमच्याकडे गांजा म्हणजे १९८५ चा कायदा, पोलीस, आणि त्याआधी घरातली माणसं. भांगेला कायद्यात सूट आहे, पण ती होळीच्या पुरुषांना. एचआयव्ही झालेल्या विधवेने रात्री पाय जळतात म्हणून कुठून तरी गांजा आणला, हे ती समुपदेशकाला सांगेल? मला दोघी-तिघींनी सांगितलं, तेही मी वही बंद केल्यावर. तुमच्याकडे तर कायद्याने मोकळं आहे ना, मग तुमच्या बायका का लपवतात?

नणंद: मोकळं राज्यात आहे. केंद्राचा कायदा अजून मानत नाही. सरकारी अनुदानाच्या घरात राहणारी बाई गांजा घेते हे कळलं, तर केंद्राच्या नियमाने घर जाऊ शकतं, राज्यात परवानगी असली तरी. आणि आपल्या लोकांचं सांगते, ग्रीन कार्डवाल्या एखाद्या मराठी आईने विमानतळावर नाहीतर मुलाखतीत ‘हो, घेते’ म्हटलं, तर तिच्या कागदपत्रांना धोका होऊ शकतो. म्हणून आपल्या मंडळाच्या कार्यक्रमातल्या कितीतरी काकू गुडघ्यांसाठी ‘ते तेल’ लावतात, आणि तेलाचं नाव घेत नाहीत.

भावजय: मग आता सांग, पडणारी बाई ‘पाय घसरला’ म्हणते ती खोटारडी आहे का?

नणंद: नाही. घर वाचवतेय.

इथे मला राहवलं नाही आणि मी ब्राउनी मेरीचा विषय काढला. मेरी जेन रॅथबन ही मूळ शिकागोत १९२२ मध्ये जन्मलेली बाई. उतारवयात सॅन फ्रान्सिस्कोत गांजा घातलेले ब्राउनी भाजायची आणि सरकारी रुग्णालयातल्या एड्सच्या वॉर्डात फुकट वाटायची. त्यासाठी तिला एकाहून जास्त वेळा अटकही झाली. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात लोकांनी मत देऊन औषधी गांजाला मोकळीक दिली, त्या चळवळीत तिचा मोठा वाटा. तेव्हा गांजा अन्नाची वासना परत आणायचा, ओकारी थांबवायचा, आणि मरणारी पोरं दोन घास खायची. १९९२ मध्ये तर टीएचसीची कृत्रिम गोळी एड्समधल्या भूक मरण्यावर अमेरिकन सरकारने मंजूरही केली. माझं म्हणणं एवढंच होतं की गांजाची औषध म्हणून कीर्ती झाली ती तरुण, मरणाच्या दारातल्या पुरुषांच्या काळात.

“दादा, अगदी हेच!” बहीण म्हणाली. “तेव्हा बायका मोजल्यासुद्धा जात नव्हत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एड्सच्या व्याख्येत समावेश झाला तो १९९३ मध्ये. आता अमेरिकेत एचआयव्ही असलेल्यांतले निम्म्याहून जास्त पन्नाशीच्या पुढे आहेत. त्या दोन घासांसाठी दिलेलं औषध आता वीस वर्षं रोज रात्री घ्यायचं झालंय.”

“अहो, तुम्ही तिची बाजू घेतलीत की माझी?” बायकोने विचारलं. मी चहाचे कप उचलले.

शेवटी दोघींनी एकमेकींना विचारलं, तुझ्यासमोर ती बाई बसली तर तू काय करशील.

नणंद म्हणाली, मी आधी तीन-चार आठवडे गांजा थांबवायला सांगेन, बाकी काही बदलणार नाही, आणि चालणं, खुंट्या, एका पायावर उभं राहणं, सगळं पुन्हा मोजेन. फरक पडला तर तिला तो आकडा दाखवेन. रोज घेणारी बाई एकदम थांबली की झोप उडते, चिडचिड होते, तेही सांगेन, म्हणजे तिला वाटणार नाही की वेड लागलंय.

भावजय म्हणाली, मी थांबवायला सांगणार नाही. आधी विचारेन, कशासाठी घेतेस. जळणाऱ्या पायांसाठी घेत असेल आणि मी ते काढून घेतलं, तर रात्रभर जागी बाई सकाळी जास्त पडेल. दुखण्याची सोय आधी, मग कपात. आणि ती काय घेते हे तिच्या कागदावर कुठे आणि कसं लिहायचं, ते तिला विचारून.

यावर त्यांचं एकमत झालं नाही, मीही करू गेलो नाही. मला विचाराल तर, पडण्याच्या बाबतीत माझ्या बहिणीचं पारडं जड आहे: वयस्कर, बधिर तळव्यांच्या बाईसाठी आजच्या ताकदीची रात्रीची गमी निरुपद्रवी नाही, मग शब्दांच्या परीक्षेत ती पहिली आली तरी. पण बहिणीचं हे सगळं मोजमाप ज्यावर उभं आहे ते बाईच्या खऱ्या उत्तरावर, आणि ते उत्तर मिळवायची कला बायकोकडे आहे.

हे वाचणाऱ्यांत कुणी शिकागो, न्यू जर्सी, पुणे किंवा सांगलीत डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट असतील, त्यांना विनंती आहे: एचआयव्हीची औषधं घेणारी वयस्कर बाई पडून आली, तर “कशा पडलात” याच्यापुढे आणखी दोन प्रश्न विचारा. झोपायच्या आधी काय-काय घेतलं होतं, आणि किती वाजता. वही तेवढी बंद ठेवा. आणि घरातल्यांनी, आईच्या पिशवीत गमी सापडली म्हणून भांडू नका. एआरटीची गोळी मात्र कुठल्याही कारणाने चुकू देऊ नका, आणि न्हाणीघराच्या वाटेवर रात्री दिवा लावून ठेवा.